मैत्रीचं इन्सुलिन

कात्रज,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय रतनदादा,
सप्रेम जयभीम, वि. वि.

मैत्री जगली, हे आधी. परवा दवाखान्यातून सोडलं आणि आम्ही मायलेकी तुझ्याच घरी आलो. पूर्वावहिनीने आतली खोली मोकळी करून दिली. आल्या आल्या मैत्रीने विचारलं, मामा कुठाय? तुझी बायको म्हणाली, एकाचा जबडा फोडून सरकारी पाहुणचार घेतोय. पोरगी हसली. मी मोरीत जाऊन रडले.

जूनच्या तापानंतर ती कशी वाळली, घटाघटा पाणी प्यायला लागली, ते तू पाहिलंसच. टाइप वन मधुमेह निघाला, रोजचं इन्सुलिन सुरू झालं. मग सदाशिव पेठेतला तो आमोद भेटला. डॉक्टर नसताना चूर्णाने इन्सुलिन सोडवतो म्हणाला, आणि पोरगी मरणाच्या दारात गेली. तू त्याच्या बरण्या फोडल्यास, हेल्मेटने त्याचं तोंड फोडलंस. झालं ते झालं. पण दादा, आत मैत्रीला नळ्या लावत होते, बाहेर मी एकटी बसले होते आणि तू पोलिसांच्या गाडीत होतास.

माझा नवरा म्हणवणारा अनिरुद्ध कोथरूडलाच, त्याच्या घरी आहे. त्याच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

या बहिणीवरची माया आटू देऊ नकोस.
तुझी नंदा

*

तुरुंग,
१९ ऑक्टोबर २०२५

चि. नंदास,
दादाचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं.

मैत्री जगली हे वाचून इतक्या जोरात ओरडलो की अख्ख्या बराकीने शिव्या घातल्या. त्यातल्या एकाशी जुंपली. माझी भुवई फाटली, टाके पडले. त्याचं काय झालं ते विचारू नकोस आणि पूर्वाला यातलं काही सांगू नकोस. ती भेटीला येऊन दुसरी भुवई फोडेल.

पडल्या पडल्या दोन गोष्टी डोकं खातात. धडधाकट पोरीला एका तापाने असं कसं झालं? तुझी सासू म्हणते तसं गोड खाऊन झालं असेल, तर दर रविवारी आइस्क्रीम मीच चारत होतो.

दुसरी गोष्ट. आमोद काही तुमच्या घरी येऊन फ्रिज उघडत नव्हता. इन्सुलिन बंद कोणी केलं? तू करणार नाहीस. खरं लिही. नाहीतर बाहेर आल्यावर मी विचारीन, आणि मी कसा विचारतो ते तुला माहीत आहे.

पोरीची खुशाली कळवत राहा.
तुझा दादा

*

कात्रज,
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम, वि. वि.

आइस्क्रीमचं खूळ डोक्यातून काढ. डॉक्टर नीरजा बाईंनी मला समोर बसवून समजावलं. त्या तापात तिच्या तोंडात फोड आले होते ना, तसला विषाणू कधी कधी पोटातून स्वादुपिंडापर्यंत जातो, इन्सुलिन करणाऱ्या पेशींत शिरतो. त्याला मारायला शरीराच्या लढणाऱ्या पेशी धावतात. त्या विषाणूबरोबर इन्सुलिनच्या पेशीही फोडतात, आणि विषाणू संपला तरी थांबत नाहीत. चांगल्या पेशींनाही शत्रू समजून मारत सुटतात. मैत्रीच्या बाबतीत असंच झालं असावं, असं त्या म्हणाल्या. ‘असावं’ यावर फार जोर दिला. तोच ताप शंभर मुलांना येतो आणि जातो. काहींच्या शरीरात मुळातच तसा कल असतो, आतली ही मारामारी कदाचित तापाच्या आधीच सुरू झालेली असते. दोष कोणाचाच नाही. फक्त इन्सुलिन एक दिवसही थांबवायचं नाही.

आता दुसरं. इन्सुलिन अनिरुद्धने बंद केलं. आमोद त्याचा कॉलेजातला मित्र. मी चोरून टोचते हे कळल्यावर त्याने मला कानफटात मारली आणि सगळी पेनं चौथ्या मजल्यावरून खाली फेकली. मी खाली धावले तर फरशीवर नुसत्या काचा. दुसऱ्या दिवशी मैत्रीला उलट्या लागल्या, भात्यासारखी धापा टाकायला लागली, तोंडाला सडक्या फळांचा वास. अनिरुद्ध दारात उभा राहिला. कडीवर हात ठेवून म्हणाला, शरीर शुद्ध होतंय, थांब. मी ओट्यावरचा खलबत्त्याचा बत्ता घेतला आणि त्याच्या बोटांवर घातला. हाडं मोडल्याचा आवाज झाला. तो किंचाळत खाली बसला, मी पोरीला उचललं आणि रिक्षा गाठली. लोकांना तो सांगतो, स्कूटरवरून पडलो.

परवा पोलिसांत जाऊन सगळं लिहून दिलं. बत्त्यासकट. तर आज त्याचा निरोप आला, मी तक्रार मागे घेतली तर आमोद तुझ्याशी तडजोड करेल, तू महिन्याभरात सुटशील. पूर्वावहिनी नुसती कणीक मळत बसते. तू सांग, दादा. तू म्हणशील ते करीन.

तुझ्या शब्दाची वाट पाहणारी,
नंदा

*

तुरुंग,
१० नोव्हेंबर २०२५

चि. नंदास,
जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र वाचून भिंतीवर डोकं आपटत होतो, दोघांनी धरून खाली बसवलं. दिवसभर अनिरुद्धचा गळा माझ्या बोटांत आहे असं वाटत होतं. जेवलो नाही.

रात्री शांत झाल्यावर पुन्हा वाचलं. तू एकदाच मारलंस आणि पोरीला उचललंस. आमोद खाली पडल्यावरही मी मारतच होतो. लोकांनी ओढलं म्हणून तो वाचला.

तक्रार मागे घेऊ नकोस. मी आत्ता सुटलो तर कात्रजला येणार नाही, सरळ कोथरूडला जाईन. मग मी जन्मभर इथे, आणि तुम्हा तिघींना कोणी नाही. वकिलाला कळवलंय, तडजोड नको. पूर्वाला मी स्वतः वेगळं लिहितो. चिडेल, पण तिला पटेल.

मैत्रीला विचार, सुई पोटावर टोचून घेते की मांडीवर, आणि किती हळू. मला आत्तापासून शिकायचंय. माझे हात जड आहेत.

तुम्हा दोघींवर जीव असलेला,
रतनदादा