हळदीच्या एकशे वीस पट्ट्या

८ फेब्रुवारी, रविवार
हैदराबादच्या आमच्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये प्रस्ताव मांडला. विज्ञान दिनानिमित्त १ मार्चला मुलांसाठी कार्यशाळा. नाव 'हाताने करून पाहा'. सेक्रेटरी केशवराव म्हणाले, ही एक नीट पार पडली तर दर महिन्याचा पहिला रविवार हॉल विज्ञानाला. नाहीतर झुंबाला. झुंबाची मागणी कोणाची? आमच्या सूनबाईंची, मानसीची. घरी आल्यावर मी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. ते तिला कळलं असावं.

संचालिका अर्थात मी. मंडळात दुसरं कोणी एम.एस्सी. केमिस्ट्री नाही. १९७८, फर्स्ट क्लास. पुढची तेहतीस वर्षं बँकेत गेली, पण पाया पक्का तो पक्काच.

१२ फेब्रुवारी
विषय ठरला. हळदीचा कागद. साबणाच्या पाण्यात बुडवला की लाल, लिंबू पिळलं की परत पिवळा. साधं, स्वच्छ, शिस्तीचं.

सूचनापत्रक लिहिलं. चार पानं, शुद्ध मराठीत. नातीला, ईशाला (वय दहा), वाचायला दिलं. पहिला परिच्छेद संपवायला अकरा मिनिटं. मग म्हणे, "आजी, याचं इंग्लिश वर्जन नै क्या?" दोष शाळेचा. पत्रक बदलणार नाही.

१९ फेब्रुवारी
बावीस मुलांची नावं आली. मदतीला मंडळाने सुशीलाबाई दिल्या. हिमायतनगरला राहतात, मूळच्या परभणीकडच्या, शेतकरी घरातल्या. शिक्षण सातवी. मंडळाचं हळदीकुंकू दरवर्षी त्याच बघतात. त्यांना सतरंज्यांचं काम दिलं.

त्यांनी विचारलं, पोरांनी काय करायचं? म्हटलं, पाहायचं. "मग हातानं कोन करनार?" मी. यात न समजण्यासारखं काय आहे?

२६ फेब्रुवारी, सकाळी ९
एकशे वीस पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून गच्चीवर पसरल्या. दोन दिवस कडक ऊन, म्हणजे करकरीत होतील.

सुशीलाबाई सतरंज्या किती लागतील ते विचारायला आल्या होत्या. म्हणाल्या, "अवो ताई, उनात नक्को. सावलीत वाळवा. रंग उडंल." मी शांतपणे समजावलं की वाळणं म्हणजे बाष्पीभवन, आणि बाष्पीभवनाला उष्णता लागते. "हौ," म्हणाल्या. पटलेलं दिसलं.

२७ फेब्रुवारी
लाल रंगात बोर्ड रंगवला. 'हात लावू नये.' मुलगा मंदार म्हणाला, आई, कार्यशाळेचं नाव काय आहे? मी म्हटलं, तू तुझं ऑफिस बघ.

२८ फेब्रुवारी, सायं. ५
पट्ट्या उतरवल्या. जराशा फिक्या वाटतात. चष्म्याचा नंबर वाढला असणार. डब्यात भरून डबा चिकटपट्टीने बंद.

भाषणाची तालीम केली. चाळीस मिनिटं. ईशाला समोर बसवलं. सातव्या मिनिटाला तिने डोळे मिटले. एकाग्रतेत होतं तसं.

१ मार्च, रविवार, दुपारी ३
कार्यशाळा झाली. नोंदी तटस्थपणे करते.

मुलं हाताची घडी घालून बसली. डबा उघडला. पट्ट्या पांढऱ्या. पहिली साबणाच्या पाण्यात बुडवली. काही नाही. दुसरी. काही नाही. सतरा पट्ट्या बुडवल्या. दिलसुखनगरहून आलेली त्रिवेणी नावाची एक आगाऊ मुलगी म्हणाली, "आंटी, ये तो सादा कागज है." सगळे हसले. मागे उभी राहून मानसी व्हिडिओ घेत होती.

कारणं: हैदराबादचं पाणी. साबणातली भेसळ. हल्लीचा कागद.

मी कारणं सांगत असताना सुशीलाबाई उठल्या. कपाटातून हळदीकुंकवाचं तबक काढलं, हळद पाण्यात कालवली, बेसिनवरचा साबण आणला. "या रे पोरांनो. घाला हात!" बावीस मुलं माझ्या बोर्डावरून उड्या मारून गेली. पिवळे तळवे, साबण लागला की लालभडक. त्यांनी सांगितलं, आमची आजी हळदीला लिंबू नि टाकणखार (बोरॅक्स, साबणासारखाच अल्कली) लावून घरीच कुंकू करायची, ते असंच. किंकाळ्या. लिंबू पिळा, परत पिवळे. परत किंकाळ्या. तास संपला तरी कोणी उठेना.

ईशा सर्वांत पुढे. ॲसिड काय, बेस काय, हे तिने सगळ्यांना इंग्लिशमध्ये समजावलं. ते माझ्याच भाषणातलं. सातव्या मिनिटापर्यंतचं. नंतर धावत येऊन पाचही बोटं माझ्या पांढऱ्या साडीला पुसली.

एकूणात कार्यशाळा यशस्वी. माझ्या आराखड्यात किरकोळ बदल.

५ मार्च
केशवरावांचा मेसेज. पहिला रविवार विज्ञानाला मंजूर. अपेक्षितच होतं. संचालिका: सुशीलाबाई. टाइप करताना चूक झाली असेल म्हणून मानसीला मोठ्याने वाचायला लावलं. तिने दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जास्त स्पष्ट.

माझ्याकडे शिस्त आणि नाश्ता. बोर्ड वाया जाणार नाही, सामोशांपुढे ठेवायचं ठरलंय. प्रशासनाचा अनुभव लागतो अशा ठिकाणी माणसं मलाच शोधतात.

६ मार्च, सकाळी ८
साडी तीनदा धुतली. साबण लागला की बोटं जास्तच लाल. मानसी म्हणाली, सुशीलाबाईंना फोन करा ना. केला नाही.

त्यांचाच आला. पुढच्या वेळी पोरांबरोबर पुढं बसा म्हणाल्या, "हातानं करून बगा, लई मजा येती." वर साडीचं विचारलं. "काई करू नका. गच्चीवर उनात टाका." मी विचार करते म्हटलं.

सायं. ४
साडी स्वच्छ. एकाही बोटाचा मागमूस नाही. उन्हात हळदीचा रंग उडतो, हे मला १९७८ पासून माहीत आहे.