आठला निघून तीनला

३ फेब्रुवारी, सोमवार
पुस्तकातली खूण पुन्हा खाली पडली. खूण म्हणजे लेकीच्या विमानाच्या तिकिटाचा तुकडा. सुटणार सकाळी आठला, पोचणार दुपारी तीनला. सात तास! तीन वर्षं झाली, वाचायला बसलं की आधी हेच वाचते.

त्या वर्षी एका सोमवारी मी तिला फोन केला, हे घरात पडलेत म्हणून. मंगळवारी संध्याकाळी हे गेले. बुधवारी ती दारात. बॅग खाली ठेवायच्या आत मी बोलले — "सात तासांवर राहतेस, आणि बापासाठी दोन दिवस लागले?" तिने मान वर केली नाही. तेव्हापासून फोनवर "गोळ्या घेतल्यास का" आणि "बरं, ठेवते." संपलं.

४ फेब्रुवारी
शिवणकाम फार. डोळे दुखतात. वाचन नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
आज शिवणाच्या दुकानात फजिती! आमच्या टेपचं टोक झिजलंय, म्हणून दहाच्या आकड्यापासून मोजायचं आणि शेवटी दहा वजा करायचे. पडदा मोजताना टेप हातात उलटली. सुरुवात इंचांच्या बाजूने, शेवट सेंटिमीटरच्या. मी आपले दहा वजा करून लिहून मोकळी — दोनशे चाळीस इंच!

मास्तर म्हणाले, "ताई, हा पडदा खिडकीचा की नाटकाचा? निघालात इंचात, पोचलात सेंटिमीटरात. मग वजाबाकी कसली करता!"

सगळे हसले. मीही हसले. मग हातातली कात्री खाली ठेवली.

आठ तिकडचे. तीन इकडचे.

तिकडचं घड्याळ साडेसात तास पुढे, हे मला का ठाऊक नाही? माझ्या सकाळच्या चहाला तिकडे दुपार झालेली असते. सात आणि साडेसात, साडेचौदा. साडेचौदा तास!

येताना वाचनालयात नकाशांचं पुस्तक उघडलं. तिच्या गावापासून आपल्या गावापर्यंत माझी एक वीत आणि वर चार बोटं. मध्ये दोन समुद्र. एवढी पुस्तकं वाचली, हे पान कधी उघडलं नाही.

८ फेब्रुवारी
फोन उचलला, ठेवला. हे असते तर म्हणाले असते, "वाचतेस ढीगभर, बोलतेस मात्र विचाराआधी." खरंय.

९ फेब्रुवारी, रविवार
केला फोन. आधी पडद्याची गोष्ट सांगितली. हसली! किती दिवसांनी. मग म्हटलं, "चुकले गं मी. साडेचौदा तासांची वाट होती."

ती म्हणाली, "आई, वजाबाकी चुकली, पण बोललीस ते खरं होतं. मंगळवारचं विमान मिळत होतं मला. मी सोडलं. वाटलं, मागच्या खेपेसारखे बाबा उठून बसतील. त्याच दिवशी तीनला पोचले असते गं —"

"बरं, ठेवते," या वेळी मी म्हटलं.

१० फेब्रुवारी, सोमवार
तेव्हा हे पडले होते रविवारी. मी तिला कळवलं सोमवारी. उगाच लेकीला कशाला घाबरवा, म्हणून. ही गोष्ट तिला कुणी सांगितलेली नाही.

साडेदहा वाजलेत. तिकडे संध्याकाळचे सहा. कामावरून घरी आली असेल.