फोडणीचा वास

तीर्थस्वरूप अक्कांच्या चरणी त्र्यंबकाचे अमरावतीहून साष्टांग वंदन.

माझी प्रकृती उत्तम असून भोजन वेळेवर होते, चिंता नसावी. मातोश्रींचा खोकला कसा आहे?

शेजारी कापसाच्या उंच गंज्या लागल्यामुळे तंतू उडतात व खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. त्यामुळे कैलासवासी द्वारकेच्या फोडणीचा हिंग स्वयंपाकघरातून अद्याप गेला नव्हता. तो वास येताच पान वाढले असे वाटे, आणि उठून पाहावे तो चूल थंड. ही थट्टा मला असह्य झाली.

घर सारवणाऱ्या गोदाबाई म्हणाल्या, "घरात बाईचा वास हाये, रावसाहेब. काढून टाकू काय?"

मी म्हणालो, "अवश्य."

त्यांनी आत मिरच्या जाळल्या, उंबऱ्यावर लिंबू कापले. वास म्हणजे त्यांच्या मनात मृताचा वावर होता, हे मला फार उशिरा कळले. मी हिंग घालवण्यास सांगितले होते. त्यांनी माझ्या पत्नीस घालवले.

बाहेर येऊन डोळे पुसत म्हणाल्या, "गेली बिचारी. रडत रडत गेली."

अक्का, पुण्याच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकलेल्या मी त्यांस विचारले, "कोणीकडे?"

आपला अभागी बंधू,
त्र्यंबक