ओळीत मावेल तेवढंच

सोमवार, ३ जून

इस्पितळाच्या संगणक विभागात आज रुजू झाले! खिडकीजवळचं टेबल मिळालंय, आणि बारक्या दोनच मजले वर. धाकटा भाऊ इथे भरती झाला म्हणून ताईला इथे नोकरी लागली, असं त्याला चिडवलं. तोंडात श्वासाची नळी, तरी डोळ्यांनी हसला लबाड.

काम किचकट, पण माझ्या आवडीचं. रुग्णांची सगळी माहिती डेटाबेसमध्ये. प्रत्येक रुग्णाची एक ओळ, ओळीत रकाने. कुठल्या रकान्यात किती मावतं ते आमच्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर, म्हणजे डेटाबेस आणि प्रोग्रॅममधला दुभाषा, सांगतो. नावाला चाळीस अक्षरं, तारखेला दहा. पण 'श्वास' नावाचा एक भलताच रकाना कुणीतरी स्वतः घडवून ठेवलाय. असल्या प्रकाराचं माप ड्रायव्हरला कळत नाही, त्याने सरळ 'माहीत नाही' म्हणावं. हा पठ्ठ्या आकडा सांगतो, तोही प्रत्येक रुग्णाचा वेगळा!

गुरुवार, ६ जून

'श्वास'चे आकडे रोज घटतायत. बारक्याच्या वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या आजोबांचं माप सकाळी शून्य आलं. ड्रायव्हर बिघडलाय म्हणून मी वैतागले. दुपारी वर गेले तर त्यांची खाट रिकामी, चादर बदललेली.

बारक्याचं माप नऊ.

शुक्रवार, ७ जून

बारक्याचं तीन. ड्रायव्हर चुकीचं माप सांगायला लागला की आम्ही काय करतो? त्याचं ऐकत नाही, माप हाताने घालतो. बारक्याच्या ओळीत मोठ्यात मोठा आकडा ठोकला. शेजारी बसणारे चष्मेवाले काका धावत आले. "अगं, ओळीची एकूण लांबी ठरलेली असते. एकाला वाढवून दिलंस की बाजूच्याचं कमी होणार."

होऊ दे.

संध्याकाळी नळी काढली. बारक्याने पाणी मागितलं. मी जिन्यात बसून रडले.

शनिवार, ८ जून

बाजूचा रकाना पाहिला. 'नातेवाईक'. त्यात माझं नाव — शेवटची दोन अक्षरं गेलीत. चष्मेवाल्या काकांनी विचारलं, आपलं कुणाकडे काम आहे?

रविवार, ९ जून

नावाचं एकच अक्षर उरलंय. बारक्या चालतोय. नर्सला म्हणाला, या बाई रोज का येतात?

आकडा मागे घेतला तर तो मला ओळखेल. पण मग तीन — नाही. नाही घेणार.

सोमवार

आत सोडत नाहीत. आईला फोन केला. बारक्या घरी येतोय म्हणून हरखली होती. म्हणाली, एकुलता एक हो माझा, वाचला. आपण कोण बोलताय?

मी म्हटलं, आई, मी तुझी मु