मुकी गाडी

आबा, माझी गाडी तुला दाखवायची राहून गेली. तू होतास तेव्हा आपल्या गावात पेट्रोलच्या मोटारसायकलीसुद्धा मोजक्याच होत्या, आणि बॅटरीवर चालतं म्हटलं की बॅटरीचा दिवा नाहीतर रेडिओ, एवढंच आम्हाला माहीत. आता माझ्याकडे विजेवर चालणारी स्कूटर आहे. रात्री ओटीवरच्या प्लगला लावायची, सकाळी काढायची आणि खाडीकाठच्या आपल्या गावातून पनवेलमार्गे कळंबोलीला कामावर जायचं. तिथल्या लोखंड बाजारात मी वजनकाट्यावर बसते. ट्रक भरलेला येतो, रिकामा होऊन परत येतो, दोन्ही वेळा मी वजन घेते. माझं सासर सुटल्यावर मी आईकडे आले ते तू पाहिलंस, पण ही नोकरी पाहिली नाहीस. आणि हो, अजूनही मी तुला 'तू'च म्हणते. ऑफिसात कुणी ऐकलं तर नाक मुरडतील, पण आपल्याकडे बापाला अहो-जाहो करायला लागलं की बाप परका झाला असंच वाटतं.

गाडी घेतली तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. ट्रेलरच्या रस्त्याला ही खेळण्यातली गाडी कुठे टिकायची, असं काट्यावरचे ड्रायव्हर म्हणायचे. टिकली. खड्ड्यांनी टायर खाल्ले, पुलाखालच्या पाण्यातून दोनदा ढकलत आणली, समोरचं प्लास्टिक तारेने बांधलंय, पण टिकली. सिग्नलला थांबलं की शेजारचा हटकून विचारतो, "मॅडम, एका चार्जमध्ये किती जाते?" पहिल्या वर्षी मी छाती फुगवून आकडा सांगायचे. मग दरवर्षी थोडा थोडा कमी करत गेले. आता नुसतं "जाते घरापर्यंत" म्हणते आणि सिग्नल सुटायची वाट बघते. कारण तेही हल्ली छातीठोक सांगता येत नाही. समोर पडद्यावर चार्जिंगचा आकडा दिसतो आणि माझा जीव त्या आकड्यात अडकलेला असतो. खाडीकडून वारा समोर आला की तो भराभर उतरतो, उन्हाळ्यात वेगळा उतरतो, ट्रॅफिकमध्ये उभी राहिले तरी मनातून उतरतच असतो. पेट्रोल संपलं तर बाटली घेऊन पंपावर जाता येतं. वीज काय बाटलीत भरून आणायची? मग काट्याच्या केबिनमध्ये पोचले की पंखा नाही, गाणं नाही, मी आधी गाडीचा चार्जर लावते आणि मग खुर्चीत बसते. बसते तरी कुठे म्हणा, दर थोड्या वेळाने उठून बघते की प्लग सुटला तर नाही. शेठ म्हणतात, "बाई, गाडीला पाळण्यात घातलंय का?"

पण सवय झाली नाही ती एका गोष्टीची. ही गाडी मुकी आहे. सुरू केली तरी आवाज नाही, चालली तरी नाही. पनवेलच्या बाजारातून जाताना पाठमोरी माणसं बाजूला होत नाहीत. एकदा करंजा बंदरावरून आलेली एक कोळीण रस्त्याच्या कडेला टोपली उतरवत होती, मी अगदी तिच्या पदराजवळून गेले. ती ओरडली, "आगो बाय, भूत हायस का काय तू? आवाज तरी दे!" मी सॉरी म्हणून पुढे गेले आणि पुढच्या चौकात गाडी कडेला घेऊन थांबले. तिच्या टोपलीमुळे नाही. तेच बोलणं मी फार पूर्वी तुझ्या तोंडून ऐकलं होतं म्हणून.

तेव्हा मी शाळेत शिकतेय. सुट्टी आहे आणि आईने तुझी भाकरी फडक्यात बांधून मला मिठागरावर पाठवलंय. दोन्ही बाजूंना मिठाचे कोंडे, म्हणजे खारं पाणी अडवलेले वाफे, मधून हातभर रुंद बांध, आणि पुढे तू, डोक्यावर मिठाची टोपली घेऊन चाललेला. मला गंमत सुचते. मी चपला हातात घेते, दबक्या पावलांनी तुझ्यामागे येते आणि पाठीवर थाप मारते. तू दचकतोस, पाय घसरतो, टोपली पाण्यात. दिवसभराचं नव्हे, पण एका टोपलीचं मीठ पुन्हा पाणी होऊन जातं. तू मारशील म्हणून मी डोळे मिटून घेते. तू मारत नाहीस. गुडघाभर पाण्यात उभा राहून तू एवढंच म्हणतोस, "मानसाचे अंगावर मुक्यानं येव नाय, पोरी. आवाज देऊन येवाचा. मुक्यानं येतं ते जनावर नायतर मरन." पुढे मला पनवेलच्या शाळेसाठी सायकल घेतलीस, तेव्हा दुकानात तू आधी घंटी वाजवून पाहिलीस आणि मग ब्रेक. दुकानदार हसला होता.

तू स्वतः कधी मुक्याने आला नाहीस. संध्याकाळी मिठागरावरून परतताना बांध जिथे गावाकडे वळतो तिथे थांबून तू कुकारा घालायचास. हूऽऽऊ असा, शेवटी वर चढणारा. सगळेच मिठागरवाले घालायचे, पण प्रत्येकाचा वेगळा. समोरून कोणी येत असेल तर त्याने थांबावं, रिकाम्याने ओझेवाल्याला वाट द्यावी, म्हणून ती रीत. घरात त्याचा अर्थ निराळा होता. तुझा कुकारा आला की आई तवा चुलीवर ठेवायची. तांदळाच्या पिठाची उकड आधीच मळून झाकलेली असायची, पण कुकारा आल्याशिवाय तवा नाही. तू वळणावरून अंगणात येऊन पाय धुवेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. आम्ही भावंडं भुकेने कितीही रडलो तरी ती म्हणायची, "बापाचा आवाज येव दे." तांदळाची भाकरी गार झाली की चामट होते हे खरं, पण कारण तेवढंच नव्हतं हे मला आता कळतं. तू येतो आहेस हे तिला सगळ्यांच्या आधी कळायचं, आणि ते तिला हवं असायचं.

मिठागरं गेली. तिथे भराव पडला, आता कंटेनर रचलेले आहेत आणि वरून विमानं जातात. मिठागरांमागोमाग तूही गेलास. त्यानंतर आईने भाकऱ्या वेळेआधी करून फडक्यात गुंडाळून ठेवायला सुरुवात केली आणि आम्ही चामट भाकरी निमूट खायला शिकलो. माझी गाडी आल्यावर तर तिची फारच पंचाईत झाली. तिला ऐकू येत नाही असं नाही. पण रस्त्यावर दिवसभर हॉर्न, त्यातला आपल्या घराचा कुठला हे तिने कसं ओळखायचं? मी अंगणात येऊन उभी राहते आणि ती पाठमोरी. हाक मारली की दचकते, हातातलं भांडं पडतं. एकदा तिचा हात तव्याला लागला. "कवा आलीस गो? कलला पन नाय," असं म्हणत ती माझ्याकडे अशी बघते, जणू मी चोरपावलांनी शिरलेय. मग मी रोज ठरवलेल्या वेळेला येण्याची धडपड करते, आणि गाडी म्हणते, बघू.

या वर्षी ती फारच बघू म्हणायला लागली. मेकॅनिकने सांगितलं की बॅटरी दमली, बदला नाहीतर गाडी काढून टाका. नेमकी तेव्हाच शेठनी कामगारांसाठी बस सुरू केली. आपल्या नाक्यावर थांबते. धाकटा भाऊ खुशीत आला. तो आता पनवेलला फ्लॅटमध्ये राहतो, रविवारी येऊन आम्हाला शहाणपण देऊन जातो. "ताई, भंगारात दे ती गाडी. बसमध्ये एसी आहे. तुझं वय काय, रस्ता काय?" बोलणं चुकीचं नव्हतं. मीही मनात हो म्हटलं होतं. आकड्यावर डोळे लावून जगायचा मला वीट आला होता.

मग ती संध्याकाळ आली. पनवेलच्या पुढे एक ट्रेलर आडवा झाला होता आणि सगळा रस्ता ठप्प. मी गाड्यांमधून इंच इंच पुढे सरकतेय, आकडा उतरतोय, फोन केव्हाच बंद पडलाय. घरी आई एकटी. नाक्यावर पोचले तेव्हा आकडा लाल झाला होता आणि गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगाने पुढे जात होती. नाक्यापासून गावापर्यंतचा रस्ता म्हणजे तुझा जुना बांधच, वरून डांबर टाकलेलं. अंधारून आलेलं, रस्त्यावरचे दिवे लागलेले नाहीत. वळणाच्या अलीकडे उतार आहे, तिथे मी ॲक्सिलरेटर सोडून देते आणि गाडी आपोआप धावते. वळले, आणि गाडीच्या दिव्याच्या उजेडात रस्त्याच्या मधोमध आई.

ती पाठमोरी होती. मला शोधायला निघाली होती, पण नाक्याकडे नाही, खाडीकडे तोंड करून उभी होती. जिथून तू यायचास तिकडे. मी हॉर्न दाबला. ती हलली नाही, हॉर्नशी तिचं देणंघेणंच नाही. ब्रेक दाबला, मागचं चाक खडीवर सरकलं. मला भीती वाटली, आबा. इतकी भीती मला सासर सोडतानाही वाटली नव्हती. आणि मग माझ्या तोंडून तो बाहेर पडला. हूऽऽऊ. मी आयुष्यात कधी घातला नव्हता. बायका घालत नसत.

आई बाजूला झाली. वळून न बघता, जशी बांधावर व्हायची तशी पटकन, पाण्याच्या बाजूला. मी पुढे जाऊन गाडी थांबवली आणि पाय टेकले. ती माझ्याजवळ आली. एवढा उशीर का, फोन का लागत नव्हता, काही नाही. मला म्हणाली, "ये हळूहळू. मी तवा ठेवते." आणि पदर खोचून भराभरा घराकडे चालायला लागली. गेल्या कित्येक वर्षांत मी तिला तशी चालताना पाहिलं नव्हतं. गाडी ढकलत अंगणात आले, नळावर पाय धुतले. तव्यावर भाकरी फुगली होती. मी एक खाल्ली, मग दुसरी, आणि रडू आलं ते आमटी तिखट झाली म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वळणावर मी थांबले. आजूबाजूला कोणी नाही हे बघितलं आणि पुन्हा घातला. तिसऱ्या दिवशी समोरच्या बंगल्यातली पोरं गॅलरीत येऊन हसली. एक म्हातारा शेजारी ओट्यावरून आईला म्हणाला, "बाईमानूस कुकारा घालतंय, काय दिवस आलं!" आणि चौथ्या का पाचव्या दिवशी त्यानेच ओट्यावर बसल्या बसल्या उलट कुकारा दिला. आता रोज देतो. आईने हे सगळं काय आहे असं मला एकदाही विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. ती आता दचकत नाही. माझा जीव मात्र अजून थाऱ्यावर नाही. तवा ठेवताना ती कुणासाठी ठेवते, माझ्यासाठी की तुझ्यासाठी, हे मला कळत नाही आणि विचारायची हिंमत होत नाही. भाकरी गरम मिळते तेवढं खरं.

नवी बॅटरी सांगितली आहे, आठवड्यात येईल. हा कागद गाडीच्या डिकीत चार्जरखाली ठेवीन, तुला पाठवायला पत्ता तरी कुठला? बसमधून नाक्यावर उतरून, मागून कामावरची चार माणसं चालत येत असताना, वळणावर कुकारा घालायला मला जमणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण हे धाकट्याला कसं सांगू? तो परवा चिडून म्हणाला, एवढी चांगली बस सोडून तू त्या खटाऱ्यावर का मरतेस? मी सांगितलं, बसचा काही भरवसा नाही रे, कधी येते, कधी येत नाही.

बस अगदी वेळेवर येते, आबा. रोज सकाळी नाक्यावर माझ्या अंगावरून हॉर्न देत जाते.