मामासाहेबांस, मुठीच्या खिचडीविषयी

हिंगणा रोड, नागपूर
ता. १० फेब्रुवारी १९७५

आदरणीय मामासाहेब यांस,
मनोहरचा प्रभूमध्ये नम्र सलाम.

आपली आणि मामींची प्रकृती ठीक असेल, आपल्या गुडघ्यांनी हिवाळा सोसला असेल आणि नवीन कवळी आता प्रवचन ऐन रंगात आले असता निसटत नसेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही बरे आहोत. पुष्पलता आपणा दोघांना सलाम सांगते. (ती शिवणयंत्रावर बसली आहे. यंत्राच्या आवाजात तिने आणखीही काही सांगितले, पण ते पत्रात घालण्यासारखे नव्हते.)

आपले कार्ड पोचले. हिंगणा रोडची आमची ख्रिस्ती मंडळी जिवंत आहे की नाही ते एका ओळीत कळवावे, नसल्यास परिषद तिला शहरातल्या मोठ्या मंडळीत विलीन करील, असे आपण लिहिले आहे. एका ओळीत सांगायचे तर जिवंत आहे. बाकीच्या ओळी ती मेल्याची बातमी कशी उठली यासाठी आहेत, आणि तेवढ्यासाठी आपण चष्मा पुसून बसावे ही विनंती. विलीन हा शब्द कागदावर गोड दिसतो. पण शहरातले देऊळ इथून दोन बस बदलून आहे, आणि ज्यांच्या घरी बसच्या भाड्याचा विचार करावा लागतो ते पहिल्या रविवारी जातील, दुसऱ्या रविवारी पावसाचे किंवा उन्हाचे निमित्त सांगतील आणि तिसऱ्या रविवारी कुठल्याच मंडळीत नसतील. आपण स्वतः पाळक म्हणून हयात घालवली आहे, आपणांस हे मी सांगावे असे नाही.

आता मुळापासून सांगतो. आम्हाला देऊळ नाही हे आपणांस ठाऊक आहे. कारखान्यांमागे आलेली चारी दिशांची माणसे आम्ही, शनिवारी संध्याकाळी पाळीपाळीने एकेकाच्या घरी जमतो, गीते म्हणतो, वचन वाचतो, प्रार्थना करतो आणि घरी जातो. सुरुवातीला मधे एक कप चहा होई. पुढे वामनरावांची पाळी आली. (वामनराव म्हणजे आमचे फोरमन. आवाज पहाडी, देहही त्याच मापाचा.) त्यांनी चहाबरोबर चिवडा ठेवला. त्यात पाप काही नव्हते. पण ज्यांच्याकडे पुढची पाळी होती त्यांना नुसता चहा देणे जड गेले, म्हणून त्यांनी आलुबोंडे तळले. त्यापुढच्यांनी आलुबोंड्यांवर जिलेबी चढवली. असे करत करत एका शनिवारी आम्ही सावजी रश्श्यापर्यंत पोचलो, आणि त्या दिवशीचा आशीर्वाद मी नाकाला रुमाल लावून दिला. प्रार्थना आखूड होत गेल्या. आजाऱ्यांसाठीची वामनरावांची प्रार्थना एरवी धंतोलीतल्या एकेका दवाखान्याला उभी राहत जाई. ती आता कढईचा आवाज ऐकू येताच थेट आमेनला पोचू लागली. याच काळात आमची संख्या झपाट्याने वाढली आणि मी आपणांस लिहिले की आत्म्याचे कार्य जोरात आहे. ते होतेच. पण त्यात तेलाचाही वाटा होता.

मग दसऱ्यानंतर कारखान्याला टाळे लागले आणि आम्ही कामगारांनी गेटसमोर मांडव घालून धरणे धरले. आमच्यातली बहुतेक घरे त्याच एका गेटावर जगत होती. मीही तिथल्याच स्टोअरचा कारकून, त्यामुळे सध्या घरातली मिळवती व्यक्ती शिवणयंत्रावर बसते आणि मी बटणांची काजे करतो. (काजे मला चांगली जमतात. पुष्पलतेचे मत वेगळे आहे.) साखर रेशनवर, तेलाचे नाव काढायचे नाही, आणि शनिवार मात्र दर आठवड्याला येतो. कोणी तक्रार केली नाही. फक्त दारे बंद दिसू लागली. एका घरी चुना लावणे निघाले आणि ते घर इतके चुना लावत राहिले की आत बसायला जागा उरली नसेल. आमच्यातल्या जयाची पाळी आली तेव्हा तिच्या मौद्याच्या सासूबाई, इंदूबाई, तिकडे गावी आजारी पडल्या. पुढच्या खेपेला त्यांचा आजार वाढला. त्यापुढच्या खेपेला आम्ही गुडघे टेकून त्यांच्यासाठी अशी कळवळून प्रार्थना केली की वामनरावांना हुंदका आला, आणि तेवढ्यात दारातून इंदूबाई स्वतः डोक्यावर तुरीच्या शेंगांचे गाठोडे घेऊन आत आल्या. शांत मरण यावे इथपर्यंत प्रार्थना गेली होती. ते त्यांनी ऐकले. "कोण मरून राहिलं वं?" असे त्यांनी सुनेला विचारले, आणि कोणाच्यानेही आमेन म्हणवेना.

त्या दिवशी मला कळले की लोकांना देव जड झालेला नाही, बशी जड झाली आहे. आता हे कळल्यावर शहाण्या माणसाने चार जणांशी बोलावे. मी नियम केला. यापुढे कोणत्याही घरी पाण्याशिवाय काही घ्यायचे नाही, असे मी उभे राहून जाहीर केले आणि सर्वांना सुटल्यासारखे वाटेल म्हणून हसऱ्या चेहऱ्याने खाली बसलो. कोणी हसले नाही. प्रयागबाई उठल्या. या आमच्या वस्तीतल्या विधवा, धंतोलीत एका दवाखान्यात आया आहेत. त्यांच्या घरी आल्यागेल्याला काही ना काही मिळायचेच, मग ते गुळाचा खडा का असेना. त्या आवाज न चढवता बोलल्या, म्हणून ते मला शब्दशः आठवते.

"माह्या आजीच्या हातचं पाणी बी कोनी घेत नव्हतं, मास्तर. ज्यायनं घेतलं त्यायच्या मागं आमी आलो. आन् आता तुमीच सांगून राहिले का माह्या घरचं खाऊ नका म्हून?"

(मी मास्तर नाही, पण प्रार्थना चालवतो म्हणून त्या मला मास्तर म्हणतात.) मामासाहेब, मी शास्त्राभ्यासाची तीन प्रमाणपत्रे आपल्याच हातून घेतली आहेत. त्यांच्या बळावर मी नियमच पुन्हा एकदा सांगितला. त्या गेल्या. मागोमाग इतरही गेले. पुढच्या शनिवारी आमच्या घरी सतरंजी अंथरलेली, पेटी पुसून ठेवलेली, आणि आम्ही दोघेच. गीत आम्ही सगळे म्हटले, कडवे गाळले नाही. पुष्पलता म्हणाली की दोघे जमलो आहोत तर तेवढ्यानेही चालते असे वचन आहे. मी म्हणालो, चालते, पण पेटीचा भाता एका हाताने आणि डोळे दुसऱ्या हाताने पुसणे कठीण जाते.

अशा वेळी शेजारचे बळीराम आले. बळीराम माझ्याच खात्यातले. घराणे छप्पन साली दीक्षा घेतलेले, विहारातली वंदना चुकवत नाहीत, आणि माझ्या देवाची चौकशी मात्र शेजाऱ्याच्या म्हशीची करावी तशी आपुलकीने करतात. रिकामी सतरंजी पाहून ते म्हणाले, "काहून गा मनोहर, आज तुह्या देवाची सुट्टी हाय का?"

मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "गेटवर आपन काय करून राहिलो? ज्याच्या घरी जे हाय ते त्यानं आनावं, एकच गंज चढवावा. तिथं कोनी इचारते का, कोनाचं किती? हे तुले गेटवर समजते, घरी काहून समजत नाही?"

खरोखरच समजले नव्हते. गेटसमोरच्या मांडवात मी रोज त्याच गंजातले, सगळ्यांच्या त्या एका मोठ्या पातेल्यातले, खात होतो. बळीरामांचे ऐकता ऐकता मला आमच्या बायकांची मूठ आठवली. आपण आणि मामींनीच ती पद्धत आम्हाला लावली. रोज स्वयंपाकाला बसताना मूठभर धान्य देवाच्या नावाने वेगळ्या डब्यात टाकायचे. ती मूठ खिचडीत घालावी असे मी ठरवले. तसाच उठून प्रयागबाईंकडे गेलो, नियम मागे घेतला आणि पुढचा शनिवार त्यांच्या घरी मागितला. त्यांनी आधी मला गूळ खायला लावला, मग हो म्हटले. या वेळी नियम मी एकच केला. मूठ धुऊन, निवडून, झाकून आणायची, चुलीवरच्या गंजावर धरलेल्या फडक्याखाली सोडायची. कोणी काय आणले ते कोणी पाहायचे नाही.

या योजनेत एक चूक होती, आणि ती आमच्याच मंडळीच्या हातून होऊ शकते. आदल्या रविवारी घरोघर फिरून सर्वांना बोलावताना मी सगळीकडे मिठाच्या वचनावर बोललो होतो. ज्याच्यापाशी काही नाही त्याने मीठ तरी व्हावे, असे काहीतरी. (चांगले बोललो होतो. वामनरावांनी मान डोलावली होती.) शनिवारी सगळे आले. इंदूबाईही मौद्याहून आल्या, आपण जिवंत असल्याची खात्री पटवायला. एकेक जण फडक्याखाली हात घालून मूठ सोडत गेला. प्रार्थना झाली, वाढणे झाले, पहिला घास वामनरावांनी घेतला आणि पहाडी आवाजाचा तो माणूस नुसता लाल होत गेला, बोलेना.

अर्ध्याअधिक लोकांनी मीठ आणले होते. धान्य तर सगळेच आणतील, मीठ कोणाच्या लक्षात राहणार, असा प्रत्येकाने दुसऱ्याचा विचार केला होता. कबूल कोणी झाले नाही. मी प्रभूने पाच भाकरींत हजारोंना जेवू घातल्याची गोष्ट काढणार होतो, पण वामनरावांना वाचा फुटली आणि ते म्हणाले, "भाकरीचं मागून सांगा, आधी मीठ काढा." इंदूबाईंनी विचारले की ही खिचडी आहे का लोणचे. आणि प्रयागबाई हसल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. त्या हसल्या म्हणून सगळे हसले. टाळे लागल्यापासून इतक्या जणांना एकत्र हसताना मी ऐकले नव्हते.

मग दुरुस्ती सुरू झाली. पाणी ओतले, बटाटे टाकले. धान्य कमी पडले तर बळीरामांच्या पत्नी अंजनाबाईंनी घरून सूपभर तांदूळ आणले. तरी खारट. दुसरा गंज मागवला, अर्धे त्यात ओतले, तोही भरला. खिचडी इतकी झाली की आम्हाला संपवता येणे शक्य नव्हते, तेव्हा गल्लीतल्या घरांना हाका मारल्या. कोपऱ्यावरचे ते कुटुंब, जे दोन वर्षे आमच्या पेटीचा आवाज आला की खिडकी लावून घेई, तेही ताट घेऊन आले. खिचडी शेवटपर्यंत खारटच होती. कोणी ताटात टाकली नाही.

तेव्हापासून दर शनिवारी गंज चढतो. मीठ आता फक्त प्रयागबाई टाकतात, तसा ठराव आहे. चुना लावणारे घर चुन्यातून बाहेर आले. जयाकडे पाळी झाली. मुठीची कोणाला लाज वाटत नाही, कारण मूठ सगळ्यांची सारखीच असते. (वामनरावांची मोठी आहे, पण ते खातातही.) कोपऱ्यावरच्या कुटुंबाने खिडकी उघडी ठेवायला सुरुवात केली आणि आता त्यांची आई पुढे येऊन बसते. बळीराम दर वेळी सांगतात, "मी प्रार्थनेले नाही आलो, खिचडीले आलो," आणि प्रार्थना संपेपर्यंत कोणाला गंजाला हात लावू देत नाहीत. कारखान्याचे टाळे अजून तसेच आहे. त्यासाठी आम्ही दर आठवड्याला मागतो, आणि उत्तर आलेले नाही हेही दर आठवड्याला मोठ्याने म्हणतो, उगाच झाकून ठेवत नाही. पण टाळे उघडो वा न उघडो, शनिवारी आम्ही जमणार. परिषदेने कागदावर काहीही लिहिले तरी जमणार. हे मी उद्धटपणाने लिहीत नाही. आपण स्वतः येऊन पाहावे. येत्या शनिवारी संध्याकाळी, पाळी प्रयागबाईंकडे आहे.

मामींना सलाम. लहानांना आशीर्वाद.

आपला भाचा,
मनोहर

ता. क. येताना आपलीही मूठ आणावी, झाकून. मीठ नको.

ता. क. मामींनी करंज्या पाठवू नयेत. आमच्या इथे करंजी आली की पुढच्या पाळीला अनारसे येतील. मोठ्या कष्टाने उतरलो आहोत.

ता. क. मंडळी विझली असे परिषदेला का वाटले, ते सांगायचे राहिले. आमच्या बायकांच्या मुठीचे धान्य दर महिन्याला परिषदेकडे जात असे. दसऱ्यानंतर ते आलेले नाही. येणारही नाही, कारण तेच आम्ही खातो. देवाच्या नावाने काढलेले धान्य देवाच्याच माणसांच्या पोटात गेले, असे आपण बैठकीत आपल्या भारदस्त आवाजात सांगावे आणि टाळे उघडेपर्यंत ती मूठ आम्हाला ठेवू द्यावी. एवढ्याचसाठी हे पत्र लिहिले. वरचे सगळे आपला चष्मा पुसून होईपर्यंतचे होते.

ता. क. पत्र बंद करता करता प्रयागबाई येऊन गेल्या. आपण येणार हे त्यांना कळले आहे. त्यांनी आपल्यासाठी स्वतःचा कोंबडा राखून ठेवला आहे आणि त्या दिवशी खिचडीबरोबर रस्साही होणार आहे. पुष्पलता माझ्याकडे पाहत होती. नियमाचे काय, असे मी म्हणालो नाही. आपणही म्हणू नये. पहिल्यांदा नको म्हणू नये, आणि दुसऱ्यांदा मागून घ्यावे.