होडीच्या गाण्यातली हाक

२ जून, सोमवार

आई टीव्हीवर जाणार! शाळेत शिकवून घरी आले तर ती अंगणात शिवणयंत्र काढून बसलेली. समोर निळं कापड, त्यावर पिवळे मासे.

"या नाही, पुढच्या शनिवारी. 'जुनी कॅसेट'मध्ये. होडीच्या गाण्यावर कार्यक्रम आहे त्यांचा." जसं काही कोपऱ्यावरून मीठ आणायला जायचंय.

लोसाको बँडचं होडीचं गाणं. आमच्या वयाच्या कुणालाही विचारा. तेव्हा आमच्या आवारात एकच टीव्ही. रविवारी दुपारी सगळी गल्ली त्या खिडकीशी लोंबकळायची. पडद्यावर छातीपर्यंत चढवलेल्या विजारी, पांढरे बूट, आणि कोरड्या फरशीवर ओळीने बसून वल्ही मारणारे बाप्ये. नोटांवर रोज नवी शून्यं चढत होती, सरकार कोणाचं ते कळत नव्हतं, पण त्या वल्ह्यांची लय कधी चुकली नाही. अजूनही ते गाणं लागलं की अख्खं किन्शासा बसल्या जागी वल्हवतं.

संथ भाग संपतो, गिटार धावायला लागते, आणि गायक मध्ये मध्ये नावं फेकतो — यजमानांची, मित्रांची, कोणाकोणाची. त्याला आम्ही दगड टाकणं म्हणतो. त्या गाण्यात एक दगड असा: "मा मापासा, मातोंगेची!" मा मापासा म्हणजे जुळ्यांची आई, मातोंगे म्हणजे आमची वस्ती. तेवढं ऐकलं की माझी आई रुमाल वर करते. लग्नात, मयताच्या बैठकीत, एकदा तर भरल्या बसमध्ये. हात सरळ वर, मनगटातून दोन झटके. शेजारपाजारचे त्या क्षणाला तिच्याकडे बघून हसतात, टाळ्याही देतात.

मी चपलांकडे बघते. पंधराव्या वर्षापासून.

३ जून, मंगळवार

वाहिनीवरून क्रिस्पँ नावाच्या कुणाचा फोन.

"मादाम न्झुझी, तुम्ही शिक्षिका ना? मग तुमच्याशी बोललेलं बरं. आईंचा आणि बँडचा एखादा जुना फोटो द्या."

"फोटो नाही आमच्याकडे."

"असेल हो, शोधा. ज्यांचं नाव गाण्यात पडलं त्यांच्या भिंतीवर गायक असतोच."

आईला विचारलं. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "फोटो कशाला? हाक आहे की कॅसेटवर."

मी इतिहास शिकवते. पुरावा कुठे आहे, हा माझा रोजचा प्रश्न. मुलं माझ्या पाठीमागे त्या प्रश्नाची नक्कल करतात. आणि हा प्रश्न मी घरात इतकी वर्षं विचारला नाही.

कार्यक्रम थेट प्रक्षेपित होणार आहे. मध्येच कोणी फोन केला — ही बाई कोण, हिला आम्ही ओळखत नाही — तर? सगळ्या देशासमोर? आईला यातून वाचवायला हवं. हे कारण खरं आहे. पुरतं खरं आहे का, ते आज लिहिता येत नाही.

५ जून, गुरुवार

बांदालला जाऊन आले. लोसाकोत बास गिटार वाजवणारे पापा बोकेलो तिथे राहतात. आंब्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते.

"लोसाकोतले आता आम्ही दोघंच उरलो," म्हणाले. "मी आणि माझा गुडघा. आणि तोही दगा देतोय."

मी मा मापासाचं विचारलं. त्यांचा चेहरा उजळला.

"वेरोनिक! तिचाच तर बार होता मातोंगेत. एक पोर पाठीला, एक पोटाला बांधून बिअर वाढायची. आम्ही उपाशी असलो तर आधी ताट, मग शिव्या. तिचं नाव नाही घालायचं तर कोणाचं?"

"माझी आई म्हणते की..." मी आईचं नाव सांगितलं.

बराच वेळ आठवत राहिले. मला वाईट वाटू नये म्हणून जास्तच वेळ. मग म्हणाले, "मुली, मातोंगेत जुळ्यांच्या आया काय कमी होत्या? गर्दीत दगड टाकला की दहा डोकी वर होतात." आणि हसले. मला हसू आलं नाही.

निघताना म्हणाले, "तू न्झुझी. म्हणजे मागून आलेली. मग तुझा न्सिंबा कुठे असतो?"

हे सगळेच विचारतात. आमच्यात जुळ्यांची नावं ठरलेली — पहिला न्सिंबा, दुसरी न्झुझी. माझं नाव ऐकलं की माणूस माझ्या शेजारची रिकामी जागा बघतो.

"सरपण आणायला गेलाय," मी म्हटलं. त्यांनी मान खाली घातली.

आमच्याकडे जुळं मरत नाही. सरपण आणायला जातं. म्हणून त्याच्यामागे रडायचंही नाही, बैठक घालायची नाही. चौदा वर्षांचा होता. ताप आला. होडीचं गाणं आलं ते त्याच्या पुढच्या वर्षी. आई रडली नाही, मलाही रडू दिलं नाही. मी या वहीत तरी लिहिते: न्सिंबा मेला. पुराव्याची बाई आहे ना मी.

७ जून, शनिवार

क्रिस्पँला सांगून टाकलं.

"वाचवलंत मादाम! आमची फजिती झाली असती. त्या वेरोनिक आहेत का हयात?"

"बांदालला पापा बोकेलोंना विचारा. आणि माझं नाव मध्ये येऊ देऊ नका."

"छे छे, काय बोलता."

फोन ठेवला आणि मान हलकी झाली. आता ते गाणं लागलं तरी चपलांकडे बघावं लागणार नाही — हा पहिला विचार आला. आईची फजिती टळली, हा दुसरा. क्रम असा होता, म्हणून असाच लिहून ठेवते.

मी तिला वाचवत नव्हते. मला त्या रुमालाची लाज वाटत होती.

८ जून, रविवार

आईने विचारलं, "बाह्या फुग्याच्या करू की साध्या? टीव्हीवर काय बरं दिसतं?" मी म्हटलं, "साध्या." तोंड वर करून म्हटलं!

१० जून, मंगळवार

आज क्रिस्पँने तिला फोन केला. मी स्वयंपाकघरात होते. फोनचा आवाज मोठा, सगळं ऐकू आलं. फार गोड बोलत होता. गैरसमज, जुनी गोष्ट, क्षमा असावी. आणि मग — "तुमच्या मादाम न्झुझींनीच चौकशी करून कळवलं, त्यांचे उपकारच."

आई म्हणाली, "बरं. बरं, बाळा. देव तुझं भलं करो."

मी पातेलं घासत राहिले. घासून झालेलं पुन्हा घासलं. बाहेर यंत्र सुरू झालं. ती झग्याची खालची पट्टी घालत होती. जिथे जायचंच नाही तिथला झगा पुरा करत होती.

जेवताना एकच वाक्य बोलली. "क्वांगा झाकून ठेव, माश्या बसतायत."

११ जून, बुधवार

लेओंतीन मावशी आली. चप्पल काढायच्या आधी सुरू झाली.

"शाबास! आम्ही चुली फुंकून तुला विद्यापीठात घातली ती आईला पकडायला होय?"

"मावशी, ते खरं नव्हतं."

"खरं! ते तुझं खरं मीठ लावून खा. न्सिंबा गेला त्या साली पाण्यावरच्या बायका तुझ्या आईला काय म्हणायला लागल्या, सांग बघू. तू होतीस ना तिथे?"

होते. "मा न्झुझी," मी म्हटलं. म्हणजे न्झुझीची आई.

"आदल्या महिन्यापर्यंत मा मापासा. मग एकदम मा न्झुझी. वाईट मनाने नाही गं, तिला लागू नये म्हणून. पण ती वळायचीच नाही! मा न्झुझी, तुझी बादली भरली — ही आपली उभी. पाणी वाहून जातंय. आपल्याला बोलावतायत हेच तिला कळायचं नाही." मावशी खाली बसली. आवाज उतरला. "त्यानंतर कोणी तिला मा मापासा म्हटलं नाही. ते गाणं येईपर्यंत."

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं. माझ्या नावाने झालं होतं. आणि तेव्हा मला ते नाव आवडलं होतं — आई आता एकटी माझी, असं वाटलं होतं.

मावशी जाताना डोक्यावर हात ठेवून गेली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

१२ जून, गुरुवार

माफी मागायला गेले. आई म्हणाली, "खरं तेच सांगितलंस ना? मग माफी कसली?" रागावली असती तर वाद घालता आला असता.

१४ जून, शनिवार

वीज नव्हती. शेजारच्या पापा मुनोंगोंनी जनरेटर लावला, टीव्ही अंगणात काढला. मला वाटलं आई घरातच बसेल. ती झगा घालून बाहेर आली. निळा, पिवळे मासे, साध्या बाह्या.

बातमी पोचली होतीच. पापा मुनोंगो गडबडून खुर्ची पुसायला लागले. "या, या. मा... मा न्झुझी, इथे बसा."

पापा मुनोंगो चांगला माणूस आहे. तिला लागू नये म्हणूनच तसं म्हणाला. या वेळी आई वळली. ती त्या नावाला वळली हे मी पाहिलं.

कार्यक्रमात त्याच जुन्या विजारी, तोच धूर, तेच वल्हवणं. निवेदिका त्यावेळी जन्मली तरी होती का कोण जाणे, पण "आमचे ते दिवस" म्हणत होती. मग वेरोनिक आल्या. वाळलेल्या, खूप म्हाताऱ्या. दोन्ही बाजूंना दोन थोराड मुलगे, एकसारखे. गाणं लागलं. गिटार धावली. अंगणात लहानांनी वल्ही मारायला सुरुवात केली, मोठ्यांनी त्यांना आवरलं. आणि: "मा मापासा, मातोंगेची!"

वेरोनिकनी रुमाल वर केला. हात सरळ, मनगटातून दोन झटके.

हुबेहूब आई.

आईचे दोन्ही हात मांडीवर होते. हळूच म्हणाली, "खांदा दुखत असेल तिचा. तेव्हाच निखळला होता."

"तू ओळखतेस यांना?"

"तिच्याच बारमध्ये ऐकलं की मी गाणं पहिल्यांदा. गणवेशांचं माप घ्यायला गेले होते त्या बाजूला. रस्त्यावरून चालले होते आणि हाक आली. आत गेले, हात वर केला. ही आली तणतणत. माझ्या नावाला ओ देणारी तू कोण? म्हटलं, मी पण. तिने माझ्यामागे बघितलं, तू दाराशी उभी होतीस. म्हणाली, एकच दिसतेय. दुसरं? म्हटलं, सरपण आणायला गेलंय."

मला ते दार आठवलं, आणि माझ्या चपला; आतलं काहीच नाही. "मग?"

"मग काय. बसवलं. मासा वाढला. म्हणाली, असं नाही गं, रुमाल घेऊन कर, लांबून दिसायला हवं. तिनेच शिकवलं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पण तू सगळ्यांना सांगायचीस की गाण्यात तुझं—"

"मी कधी म्हटलं गायक मला ओळखायचा? मी म्हणायचे, मला हाक आली."

मी आठवून पाहिलं. लग्नं, बैठका, बस. एकदाही तिने दुसरं काही म्हटलं नव्हतं. बाकीचं लोकांनी गृहीत धरलं होतं, आणि मीही.

"आणि वाहिनीवाल्यांना?"

"त्यांनी विचारलं, मातोंगेची मा मापासा तुम्हीच का? हो म्हटलं. खोटं का ते?" पडद्याकडे बघत होती. "सरपण घेऊन येणाऱ्याला घर कळायला नको, न्झुझी? हाक सगळ्या शहरात जाते. ओ कोणत्या दारातून आली ते बघून माणूस येतो."

जनरेटरचा आवाज फार होता. आज हात वर का केला नाहीस, असं मी विचारलं. तिने ऐकलं नसावं. की ऐकलं.

१५ जून, रविवार

आज सकाळी आई अंगणाच्या मधोमध खाली बसली आणि मोठ्याने रडली. न्सिंबाचं नाव घेऊन. लेओंतीन मावशीने येऊन चटई टाकली. पापा मुनोंगोंनी खुर्च्या आणल्या. मग शेजारणी आल्या, न बोलावता, डोक्याला फडकी बांधून, आणि तिच्याभोवती बसल्या.

कोण गेलं, असं कोणीही विचारलं नाही.